तेलाच्या डब्यातले बूट

आधी शिवलिंगप्पा मामांचं नाव घेतो. पुढचं वाचून माझ्याबद्दल तुमचं जे मत व्हायचं ते होईल, पण त्याआधी हे नाव तुमच्या कानावर पडलं पाहिजे. जळकोटात बसस्टँडवरून आत वळलं की त्यांचं किराणा दुकान. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, डोक्यावर पांढरी टोपी. माझे सख्खे मामा नव्हेत ते, सगळ्या गल्लीचेच मामा. माझा बाप गेला आणि नववीतच माझी शाळा सुटली, तेव्हा ते घरी येऊन आईला म्हणाले, "रडत बसू नगंस. पोरगं माझ्याकडं पाठीव." दुकानात कामाला ठेवलं. स्वतःच्या पोरांसोबत ताटावर बसवलं. आज मी गुजरातेत मोरबीजवळ फरशीच्या कारखान्यात पेट्या भरतो, ती नोकरीसुद्धा त्यांच्याच शब्दावर लागली. त्यांचे जावई इकडं आहेत. म्हणजे आज सकाळी मी जे खाल्लं तेसुद्धा त्यांचंच... जाऊ द्या. येतोच तिथं.

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. आईजवळ नाही, बायकोजवळ नाही. देवापुढं उभा राहिलो तरी त्याला माहीतच असेल म्हणून गप्प राहतो. तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच जीभ सुटतेय.

आमच्या गावच्या कावेरीवर पिच्चर निघाला. देशासाठी पळालेली, मेडल आणलेली कावेरी. आता तो टीव्हीवरही लागतो, मोबाइलवरही असतो. रविवारी सुट्टी असली की आमच्या खोलीत कुणीतरी कुकरला टेकवून मोबाइल उभा करतो आणि सगळे भोवती बसतात. बिहारची पोरं आहेत, ओडिशाची आहेत. "भाई, तेरे गाँव की है ना?" म्हणून मला पुढं बसवतात. मान असतो तो. मी पोळ्या लाटायचं निमित्त काढून मागं सरकतो. कारण अर्ध्या पिच्चरनंतर एक सीन येतो. विभूती लावलेला एक म्हातारा दुकानदार तेलाच्या डब्यातून पळायचे बूट काढतो, भर गल्लीतून चालत जातो आणि पोरीच्या बापापुढं ते आदळतो. "तुमची पोरगी उघड्या मांड्यांनी रस्त्यावर पळते," म्हणतो. बाप हात उगारतो. संगीत थांबतं.

"साला बुड्ढा!" आमच्या खोलीतला कुणीतरी दर वेळी म्हणतोच.

आणि माझी पोळी तव्यावर करपते. दर वेळी.

सीन लई भारी झालाय. लोक रडतात. पण तसं घडलं नव्हतं. कसं घडलं होतं हे जगात दोनच माणसांना माहीत आहे, आणि दुसरा माणूस कधी बोलणार नाही. तोच तर माझा फास आहे!

सांगतो.

कावेरीचे आबा कडक. पोरीनं पळायचं नाव काढायचं नाही. पण रोज पहाटे डेअरीला दूध घालायला तीच जायची, आणि डेअरीची वाट मामांच्या दुकानावरून होती. मामा पूजा आटपून भल्या पहाटे दुकान उघडायचे. ती दुधाची कॅन ठेवायची, मागच्या गोदामात पोत्यांच्या थप्पीआड कपडे बदलायची आणि उदगीरच्या रस्त्याला लागायची. बूट मामांनीच नांदेडला माल भरायला गेल्यावर आणले होते. ते राहायचे तेलाच्या एका रिकाम्या डब्यात, हाफ पँटीत गुंडाळून. आदल्या दिवशी भिजत घातलेले हरभरे मामा तिच्यासाठी मूठभर काढून ठेवायचे, वर गुळाचा खडा. पळून आली की खायची, सलवार चढवायची, कॅन उचलायची, पुन्हा दूधवाली. बूट डब्यात.

मला मामांनी सांगितलं होतं, "तिच्या मागं ऱ्हा रे. कुत्री असत्यात रस्त्याला." म्हणून मी तिच्यासोबत पळायचो. आधी मी पुढं असायचो, मागं वळून बघायचो, "ये की लवकर!" म्हणायचो. मग बरोबरीनं पळू लागलो. आणि मग—मला आठवतच नाही ते कधी झालं—मी तिच्या पाठीकडं बघत पळायला लागलो. ती चिडवायची नाही, हे लक्षात घ्या. वळणावर माझ्यासाठी थांबायची. पण चहाच्या टपरीवरची पोरं सोडत नव्हती. "ए ग्यान्या, पोरीची धूळ खाऊन नाष्टा झाला का?" एकदा तर एकानं माझ्यासाठी रुमाल धरला, तोंड पुसायला.

याचा राग आला असं म्हणून मोकळा झालो असतो. पण खरं सांगू? ते हरभरे जास्त लागले. ती मूठ आधी माझी होती. कावेरी पळायला लागायच्या आधी मामा सकाळी ती मूठ माझ्या हातावर ठेवायचे. आता तिला आधी, मग उरले तर मला. कधी उरायचे, कधी नाही. वाटीभर हरभऱ्यासाठी कुणी कुणाचं आयुष्य मोडतं का? तुम्ही हसाल. हसा.

लातूरला निवड चाचणी होती. विभागाची. कावेरीचं नाव गेलं होतं. घरी शाळेची सहल सांगितली होती, आणि मामा स्वतः तिला एसटीनं नेणार होते. मामींना पाहुण्यांकडं जातो म्हणाले होते. देवभक्त माणूस, एका पोरीसाठी खोटं बोलला. आणि त्या खोट्याचा त्यांना आनंद झालेला मी पाहिला. गालातल्या गालात हसत होते. माझ्यासाठी ते कधी खोटं बोलले होते का?

निघायच्या दिवशी सकाळी मामा अजून पूजेला बसले होते, दुकान मी उघडलं होतं. मी डबा उघडला. बूट काढले, हाफ पँट काढली, मागच्या बोळानं कावेरीच्या घरी गेलो आणि आबांच्या ओट्यावर ठेवून आलो. आदळले नाहीत. बोललो नाही. आबांच्या चपलांशेजारी नीट जोडीनं ठेवले, देवळाबाहेर ठेवतात तसे. हाफ पँटीची घडी घातली. परत येऊन दुकान झाडायला लागलो.

आमच्या गल्लीत आवाज लपत नाही. आधी आबांचा आला. मग तिचा. मग फक्त तिचा.

मी झाडत राहिलो. झाडून झालेली जागा पुन्हा झाडली.

लातूरची एसटी गेली. तिची शाळाही गेली. बूट चुलीत गेले. आबा तिला विचारत होते, बूट कुणी दिले, कुणाकडं ठेवतीस. तिनं सांगितलं नाही. इतका मार खाऊनही मामांचं नाव घेतलं नाही त्या पोरीनं. ही गोष्ट ध्यानात ठेवा. कारण मी ते नाव एका साध्या प्रश्नावर घेतलं.

त्या दिवशी मामा दुपारपर्यंत गल्ल्यावरून उठले नाहीत. गिऱ्हाईक करत राहिले. मग गोदामात गेले, बाहेर आले, म्हणाले, "डब्याचं झाकण नीट लावत जा रे ग्यान्या. उंदरं घुसतेत."

"हाव मामा," मी म्हणालो.

रिकाम्या डब्यात उंदरं कशाला घुसतील? हे मला पुढं कैक वर्षांनी सुचलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिजलेल्या हरभऱ्याची मूठ माझ्या हातावर ठेवली. पूर्ण मूठ. मी खाल्ली.

पुढचं तुम्हाला पिच्चरमधून माहीत असेल. दिवाळीनंतर नांदेडजवळच्या विष्णुपुरीहून तिची मावशी आली, भांडून तिला घेऊन गेली. तिथं पळायला धरणाचा रस्ता मिळाला, शिकवणारा मिळाला, आणि कावेरी जी पळत सुटली ती थेट दिल्लीच्या पुढं. लोक म्हणतात, त्या दिवशी बूट सापडले नसते तर पोरगी जळकोटातच राहिली असती. पिच्चरमध्येही कुणीतरी तसंच बोलतं. हा विचार मीही लई वेळा अंगावर पांघरून बघितला. पाय बाहेर राहतात.

ती मोठी झाली तरी गावी आली की गाडी आधी मामांच्या दुकानापुढं थांबायची. "मामा, हरभरे!" आत न येता ओरडायची. भिजलेले नसले की मामा फुटाणे द्यायचे, कागदाच्या पुड्यात. मला "ग्यानूदादा" म्हणायची. बूट कुणी ठेवले हे तिनं कधी विचारलं नाही. मला वाटलं, मिटलं.

मग पिच्चरचा लेखक आला. पुण्याचा, माझ्याच वयाचा, मऊ बोलणारा. मामा उदगीरला लग्नाला गेले होते. मी दुकानात एकटा. त्यानं मोबाइल रेकॉर्डिंगला लावून साखरेच्या पोत्यावर ठेवला. मी डब्याचं सांगितलं, पहाटेचं सांगितलं, कुत्र्यांचं सांगितलं. त्याला लई आवडलं. कुणी माझं बोलणं इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. मग तो म्हणाला, "कावेरी सोडली तर डबा दोघांनाच माहीत होता. तुम्हाला आणि मामांना. मग बूट ओट्यावर गेले कसे?"

आणि माझ्याकडं बघत राहिला. साधंच बघत होता. संशय नव्हता त्याच्या डोळ्यांत. पण मला वाटलं, हा आता गावभर... नाही, गावभर काय, देशभर! मोठ्या पडद्यावर! तराजूवर काही नव्हतं तरी मी तराजू पुसायला लागलो.

"मामांनी," मी म्हणालो.

एवढंच. "मला आठवत नाही" म्हणता आलं असतं. "उंदरांनी" म्हटलं असतं तरी चाललं असतं. तो मान हलवत म्हणाला, "वाटलंच मला. समाजाला घाबरले असणार." कारण त्यानंच शोधून दिलं. मी नुसता गप्प राहिलो, आणि त्याला ते माझं दुःख वाटलं.

पण थांबा. तिथं ते संपू शकलं असतं. कारण कावेरीनं मानलं नाही. लेखकाला म्हणाली, असलं काही लिहू नका, मामा तसे नाहीत. मग तिनं मला फोन केला. मी गोदामात होतो, त्याच थप्पीजवळ.

"ग्यानूदादा, तू खरंच बघितलंस? मामा?"

तिचा आवाज लहान झाला होता, दुधाची कॅन घेऊन यायची तेव्हासारखा. बाहेर मामा कुणाला तरी हरभऱ्याची डाळ मोजून देत होते. "दोन दाणे वर घे, पोरं असतील घरात," म्हणत होते. मला दोन्ही आवाज ऐकू येत होते, एक कानाशी, एक भिंतीपल्याड.

"हाव," मी म्हणालो.

मला जे सांगायचं होतं ते हे आहे. बूट ठेवले तेव्हा मी अडाणी पोरगा होतो, असं तुम्ही म्हणू शकता. लेखकापुढं घाबरलो, असंही म्हणू शकता. या "हाव"ला काय म्हणाल? तिनं दार उघडून दिलं होतं. मी आतून कडी घातली.

पुढं सगळं आपोआप होत गेलं. शूटिंगवाल्यांना खरा डबा पाहिजे होता. मामांनी स्वतः तो राखेनं घासला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि माझ्याकडं दिला. "आपला डबा पिच्चरमधे दिसणार रे!" मी तो मांडीवर घेऊन एसटीनं लातूरला गेलो. गंजगोलाईच्या बाजारामागं त्यांनी दुकान उभं केलं होतं, हुबेहूब मामांचं. एका नटाला विभूती लावत होते. तो बूट हातात घेऊन आदळायचा सराव करत होता, पुन्हा, पुन्हा. दर वेळी वेगळ्या रागानं. लेखक मला म्हणाला, "बघा, जमलंय का मामांसारखं?" मी डबा त्याच्या हातात दिला आणि जमलं म्हणालो.

पिच्चर लागला तेव्हा सगळी गल्ली भाड्याची क्रूझर जीप करून नांदेडला गेली. दुपारचा खेळ. मामा कडक इस्त्रीचं धोतर नेसून पुढच्या सीटवर बसले. कुठल्या तरी जन्मात बघितला असेल त्यांनी शेवटचा पिच्चर. वाटेत कंधारला उतरून सगळ्यांना भजी चारली. थेटरात मला शेजारी बसवलं. "मला काय कळलं न्हाई तर सांगत जा."

आणि तो सीन आला. आधी पडद्यावर डबा दिसला. मामा एवढ्या मोठ्यानं ओरडले, "आपला डबा!" पुढच्या रांगेतले लोक हसले. मग त्या डब्यात विभूतीवाल्याचा हात गेला.

मागून शिट्ट्या झाल्या, शिव्या झाल्या. "मार त्या थेरड्याला!" कुणी तरी ओरडलं. मामा हलले नाहीत. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. डब्याच्या आनंदात ठेवलेला, तो तसाच राहिला. जड झाला असं मला वाटलं, पण मला काय काय वाटत होतं त्याचा भरवसा नाही. थोड्या वेळानं वाकून माझ्या कानात म्हणाले, "त्याची टोपी तिरपी हाय. मी अशी कवा घातली रे?"

पिच्चर संपला, लोक उठले. मामा बसूनच. पडद्यावर नावं सरकत होती, ते एकेक अक्षर लावत होते. विशेष आभारात माझं नाव आलं. "ज्ञा...नेश्वर... आरं, तुझं नाव आलं की!" त्यांनी माझी पाठ थोपटली. आणि थोपटता थोपटता हात थांबला. माझ्याकडं बघितलं त्यांनी. त्या अर्ध्या उजेडात त्यांना काय दिसलं ते मला माहीत नाही. "चल," म्हणाले. "लोकं वाट बगूलालेत."

परतीच्या वाटेला क्रूझरमध्ये सगळे खिडकीबाहेर बघत होते. मग एका पोरानं तोंड उघडलंच. "मामा, तुम्ही तर व्हिलन निघालात की!"

"व्हिलनबिगर पिच्चर चालतंय व्हय?" मामा म्हणाले. सगळे हसले. हसणं जरा जास्तच लांबलं.

मग एका काकूंनी हळूच विचारलं, "पर मामा, खरंच तुम्ही टाकले वो बूट? पोरगी गुरासारखा मार खाल्ली त्या दिशी."

गाडी घाटाच्या वळणावर होती. मामा पुढं बसलेले, मी त्यांच्या मागं. त्यांची मान वळली नाही. मला ठाऊक होतं की ते थांबलेत. माझ्यासाठी थांबलेत. जसं कावेरी वळणावर थांबायची तसं. गाडीत सगळी गल्ली होती. एक शब्द पुरला असता. माझं तोंड उघडलंही होतं. मी त्यातून जांभई दिली.

"लई जुनी गोष्ट हाय माय," मामा म्हणाले. "म्हाताऱ्याच्या ध्यानात ऱ्हात न्हाई. पोरगी पळाली, बास झालं."

त्यानंतर कावेरीचा गावात सत्कार झाला. मामा फुटाण्याचा पुडा करून दुकानाच्या पायरीवर उभे होते. गाडी आली. काच वर होती. गाडी थांबली नाही. धूळ बसेपर्यंत मामा उभे राहिले, मग म्हणाले, "घाईत असंल." आत आले, पुडा सोडला आणि फुटाणे परत बरणीत ओतले. एकेक दाणा पडल्याचा आवाज मी ऐकला. मामा घरी चहाडी करतील म्हणत गल्लीतल्या बायका आता पोरींना त्यांच्या दुकानात एकट्या पाठवत नाहीत. थट्टा म्हणून सुरू झालं होतं ते. आता थट्टा राहिलेली नाही.

मला तिथं राहवेना. मी म्हणालो, बाहेर कुठं तरी कामाला जातो. त्यांनी विचारलं नाही का ते. जावयाला फोन केला. नांदेड स्टेशनपर्यंत सोडायला आले. डबा बरोबर आणला होता, तोच, शूटिंगवरून परत आलेला. त्यात मामींनी शेंगदाण्याचे लाडू भरले होते. गाडी हलताना खिडकीतून म्हणाले, "झाकण नीट लावत जा."

डबा माझ्या खाटेखाली आहे. झाकण लावलेलं आहे.

मामा आता थकलेत. फोन करतात, कारखान्यात उष्णता लई असती का विचारतात, तब्येतीला जप म्हणतात. मी बरं आहे म्हणतो. मीही त्यांना तब्येत विचारतो, आणि माझ्या विचारण्यात भीती असते. ते गेले तर काय, याची. पण कधी कधी—हेही सांगून टाकतो—ते गेले तर सुटलो, अशी आशाही. इतका खालचा मी आहे.

इथं लिहिलं म्हणून काही फिटलं असं मी मानत नाही. हे तुम्हाला सांगितलं, त्यांच्या गल्लीला नाही. मी जळकोटला जाईन. मामा असताना जाईन. आधी कावेरीकडं, ती असेल तिथं, आणि जो शब्द फोनवर दिला तो तोंडावर परत घेईन. मग बाजाराच्या दिवशी, भरल्या गल्लीत, हा डबा घेऊन दुकानाच्या पायरीवर उभा राहीन आणि बूट मी ठेवले हे ओरडून सांगेन. मामांचं नाव मी जिथं घालवलं तिथं परत आणून ठेवीन.